बेळगावहून पहिला दौरा: स्वतःची गाणी करणाऱ्या नव्या बँडसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात स्वतःची गाणी करणारी पोरं-पोरी आता बरीच दिसतात. कुणी बेळगावी बोलीत लिहितं, कुणी कडवं मराठीत आणि धृपद कन्नडमध्ये बांधतं, कुणी डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारसमोर हलगी उभी करतं. गाणी चांगली असतात. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजतात, दोन-तीन रेकॉर्ड होतात, आणि मग बँड टिळकवाडीतल्या कुणाच्या तरी गच्चीवरच अडकून राहतो. बाहेर पडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगणारं जवळपास कुणी नसतं. हा लेख त्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट ठाम सांगतो. पहिल्या वर्षी पुण्या-बंगळूरच्या मागे लागू नका. पुण्यात २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, बंगळूरला थर्मल अँड अ क्वार्टर हा बँड १९९६ पासून वाजवतोय, स्वरात्मा हा बँडही तिथलाच. ही दोन शहरं मोठी, यात वाद नाही. पण बेळगावहून पुणं साधारण ३४० किलोमीटर आणि बंगळूर ५००. एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी एवढं अंतर कापलं तर मिळालेलं मानधन गाडीतच संपतं. उलट कोल्हापूर ११०, हुबळी १००, पणजी सव्वाशेच्या आसपास. तिन्ही दिशांना तीन-साडेतीन तासांत तीन राज्यं आणि चार भाषांचे श्रोते. देशात फार थोड्या गावांना हे मिळालंय. आपल्याला ते जन्मतःच मिळालंय, तर वापरायला हवं.

पहिली पायरी: वर्तुळ आखा

नकाशा घ्या आणि बेळगावभोवती सव्वाशे किलोमीटरचं वर्तुळ काढा. उत्तरेला संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूर, आणि थोडं ताणलं तर सांगली-मिरज. दक्षिणेला धारवाड-हुबळी. पश्चिमेला चंदगड, सावंतवाडी, पणजी, फोंडा. पूर्वेला गोकाक. एवढ्या भागात वर्षभर पुरेल इतकं काम आहे.

वर्तुळ सव्वाशेचंच का, याचं उत्तर गाडीवाल्याच्या हिशोबात आहे. टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेतलीत की बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचं भाडं लावतात. तुम्ही शंभर किलोमीटर फिरलात तरी पैसे अडीचशेचेच. बेळगाव-पणजी-बेळगाव बरोबर त्या किमान आकड्यात बसतं, कोल्हापूर आणि हुबळीही बसतात. आता मुक्काम केलात तर दोन दिवसांचं किमान लागतं, म्हणजे पाचशे किलोमीटरचे पैसे आधीच गेलेले असतात. मग दुसऱ्या दिवशी सरळ घरी कशाला यायचं? शुक्रवारी पणजी, शनिवारी दुपारी सावंतवाडी आणि तिथून अंधाराआधी आंबोलीमार्गे घरी, असं जोडलंत तर दुसऱ्या कार्यक्रमाला गाडीखर्च जवळजवळ लागत नाही. दौरा आखताना तारीख मिळाली म्हणून धावू नका. त्या तारखेच्या शेजारचा दिवस कुठे भरता येतो ते बघा, आणि तो भरला की मगच होकार द्या.

दुसरी पायरी: कुणाचं दार ठोठवायचं

गणेश मंडळं आणि गावच्या जत्रा पैसे देतात, पण त्यांना ऑर्केस्ट्रा हवा असतो. चार स्वतःची आणि दहा सिनेमाची, असा सौदा जमत असेल तर करा, त्यात कमीपणा नाही. मात्र आपली चार गाणी कोणती आणि ती कितव्या नंबरावर, हे आधी ठरवून घ्या. सुरुवातीला कुणी ऐकत नसतं आणि शेवटी खुर्च्या उचलायला लागलेल्या असतात. तिसरं, चौथं, सातवं आणि आठवं ही जागा चांगली.

इंजिनियरिंग कॉलेजं ही या पट्ट्यातली खरी संधी. व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ, याचं मुख्यालयच बेळगावात आहे. बेळगाव, निपाणी, हुबळी-धारवाड, गडहिंग्लज, कोल्हापूर या सगळ्या भागात कॉलेजांचे फेस्ट साधारण फेब्रुवारी ते एप्रिल चालतात. त्यांच्या कमिट्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बसतात, म्हणून निरोप तेव्हा पाठवायचा. फेब्रुवारीत फोन केलात तर सगळं ठरलेलं असतं. पाठवताना तीन गोष्टी पुरतात: प्रेक्षकांसमोर वाजवतानाचा एक व्हिडिओ, दोन ओळींत तुम्ही काय करता ते, आणि स्टेजवर किती माणसं व काय-काय लागतं याचा एक कागद.

छोट्या नाट्यगृहांकडे नवे बँड बघतच नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. बेळगावात लोकमान्य रंगमंदिर आहे, सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर आहे. कोल्हापुरात देवल क्लब, सांगलीत विष्णुदास भावे नाट्यगृह. आपली माणसं तिथे तिकीट काढून, बसून, शब्द ऐकायला येतात. गाण्यात शब्दांना वजन असेल तर पबमधल्या दोनशे गप्पा मारणाऱ्या माणसांपेक्षा तिथले ऐंशी ऐकणारे बरे. दोन-तीन बँड मिळून भाडं वाटून घ्या, नाटकवाल्या ग्रुपला मध्ये घ्या. त्यांना प्रकाशयोजना येते आणि त्यांच्याकडे प्रेक्षकांची यादीही असते.

गोव्यात कॅफे आणि पब बारमाही आहेत, पण तिथे स्पर्धा मोठी आणि बहुतेकांना ओळखीची इंग्रजी गाणीच लागतात. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल होतो. तिथे वाजवायला मिळालं नाही तरी एकदा सगळ्यांनी मिळून बघून या. वेगळ्या धाटणीचं काम लोक कसं मांडतात, ते डोळ्यांनी दिसतं.

तिसरी पायरी: कॅलेंडर

बाहेरच्या बँडला हे कळत नाही, तुम्हाला कळायला हवं.

१ नोव्हेंबरला बेळगावात कर्नाटक राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी मराठी भाषिकांचा काळा दिवसही. १७ जानेवारीला सीमालढ्याचा हुतात्मा दिन. या तारखांना शहरात कार्यक्रम ठेवू नका, सीमा ओलांडायचा प्रवासही शक्यतो टाळा. तणाव वाढला की दोन्हीकडच्या एसट्या सीमेवर थांबतात, आणि दगड आधी पडतात ते परराज्याच्या नंबरप्लेटवर. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की शहरातल्या लॉजमध्ये खोली मिळत नाही आणि पोलिसांकडे तुमच्या परवानगीचा कागद बघायला वेळ नसतो. बाहेरगावचा बँड बेळगावात बोलवायचा असेल तर अधिवेशनाच्या तारखा आधी बघा.

गणेशोत्सवाचे दिवस आणि वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, या काळात साऊंडवाला, जनरेटरवाला, गाडीवाला कुणीच रिकामा नसतो, आणि असला तर दर दुप्पट. तेव्हा घरी बसून नवीन गाणी बांधा. जून ते सप्टेंबर घाटात पाऊस इतका असतो की गोव्याच्या बाजूचा कुठलाही कार्यक्रम 'रस्ता चालू असेल तर' या अटीवरच घ्यावा.

चौथी पायरी: पैशाचं बोलणं

मानधन किती मागायचं हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर खर्चापासून सुरू होतं. गाडी, डिझेल, टोल, चालकाचा भत्ता, जेवण, मुक्काम हे सगळं लिहून बेरीज करा. त्या बेरजेखाली कुठेही जायचं नाही. 'एक्स्पोजर मिळेल' म्हणणाऱ्याला सांगा की निदान गाडी आणि जेवण तुमचं. तेवढंही देता येत नसेल तर त्या माणसाला तुमची गरज नाही.

अर्धी रक्कम आधी घ्या, निदान गाडीचे पैसे तरी. बोलणं फोनवर झालं तरी नंतर व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: तारीख, वेळ, किती मिनिटं, किती पैसे, कधी, जेवण किती माणसांचं, साऊंड कुणाचा. समोरच्याने 'ओके' लिहिलं की तो पुरावा. कॉलेज किंवा कंपनी चेकने किंवा खात्यात पैसे देते तेव्हा रक्कम मोठी असेल तर दहा टक्के टीडीएस कापतात. ज्याच्या नावावर पैसे येतात त्याचं पॅन द्या आणि रिटर्न भरताना तो टीडीएस मागून घ्या. जीएसटीची काळजी आत्ताच नको, सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे.

स्वतःची गाणी असतील तर गीतकार आणि संगीतकाराने आयपीआरएसचं (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) सभासदत्व घ्यावं. ही संस्था १९६९ पासून आहे. गाणं सार्वजनिक ठिकाणी वाजलं की रॉयल्टी गोळा करणं हे तिचं काम. बँडमध्ये गाणं कुणाचं, शब्द कुणाचे, चाल कुणाची हे आजच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. बँड तुटतात ते बहुतेक याच मुद्द्यावर, आणि तेव्हा मैत्री वाचवायला कागदच उपयोगी पडतो.

पाचवी पायरी: गाडी आणि घाट

पिवळ्या नंबरप्लेटचीच गाडी घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतली तर अपघातात विमा हात वर करतो. दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर गाडीला ऑल इंडिया टूरिस्ट परमिट आहे का, हे चालकाला आदल्या दिवशी विचारा. फास्टॅगमध्ये शिल्लक आहे का तेही. महामार्गावर कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी असे टोल लागतात.

माल भरताना शेवटची सीट काढून टाका. अँप आणि किक ड्रम सगळ्यात खाली, मागच्या चाकांच्या वर येतील असे ठेवा. अँपचं तोंड एकमेकांकडे. सिंबल्स पिशवीत उभे, दोन गाद्यांच्या मध्ये. गिटार वरच्या थरात, पण खिडकीच्या उन्हात नाही. शेवटी आत जाते ती आधी लागणारी पिशवी: वायरी, टेप, मल्टिमीटर, तारा. प्रत्येक नगाला एकाच रंगाची टेप लावा आणि नग मोजून कागद गाडीच्या काचेला चिकटवा. निघताना आणि परतताना एकाच माणसाने मोजायचं. सगळे मोजतात तेव्हा कुणीच मोजत नाही.

गोव्याला तीन वाटा. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून साखळीला निघणारी सगळ्यात जवळची. मलप्रभेचा उगम याच कणकुंबीत. कणकुंबीच्या पुढच्या बऱ्याच पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते, पावसाळ्यात धुकं इतकं की समोरच्या गाडीचा मागचा दिवासुद्धा दिसत नाही. दुसरी खानापूर, लोंढा, रामनगरवरून अनमोड घाटाने मोलेला. ती लांब पडते. तिसरी शिनोळी-चंदगडकडून आंबोलीची, सावंतवाडीला जायचं असेल तर हीच घ्या. तिलारी घाट भरलेल्या ट्रॅव्हलरने उतरू नका. उतार तीव्र आणि वळणं फार अरुंद आहेत.

एक नियम बँडने शपथेसारखा पाळावा: कार्यक्रम संपल्यावर रात्री घाट चढायचा नाही. माल भरून होईपर्यंत बारा-साडेबारा वाजतात, चालक सकाळपासून जागा असतो, आणि मागे सगळे झोपलेले असतात. चालकालाही तुमच्याबरोबर जेवायला बसवा, त्याला झोपायला खोली द्या, त्याचा भत्ता आधी द्या. पुढे बसणाऱ्याने झोपायचं नाही. पहाटे साडेपाचला चहा घेऊन निघालात तर नऊच्या सुमारास बेळगावात असता.

गोव्याहून येताना गाडीत दारूची एकही बाटली नको. चेकनाक्यावर अबकारीवाले गाडी उघडतात आणि परवान्याविना बाटली सापडली तर गाडी जप्त होऊ शकते, वाद्यांसकट. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख कागदाशिवाय बाळगू नका. मानधन खात्यात घेतलंत तर ही चिंताच नाही.

माणसं कमी आणि सामान हलकं असेल तर रेल्वेही चांगली. मिरज-लोंढा मार्गावर बेळगाव आहे, बंगळूरला रात्रीची गाडी सकाळी पोचवते. स्लीपरमध्ये माणशी ४० किलो सामान मोफत चालतं. ड्रमकिट मात्र पार्सल ऑफिसातून आधी बुक करावं लागतं, म्हणून रेल्वेने जाताना फक्त स्नेअर, सिंबल्स आणि किकचं पेडल न्यायचं, बाकीचे ड्रम तिथले मागायचे.

सहावी पायरी: वीज

हा भाग दोनदा वाचा. रात्रीच्या घाटासारखाच याने जीव जातो.

मंडप, मैदान, जत्रा, इथली वायरिंग तात्पुरती असते. गिटारच्या तारा अँपमार्फत अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकचं जाळीचं तोंड मिक्सरमार्फत. अँप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या फेजवर आणि एकीकडे अर्थिंगच नाही, अशी स्थिती असेल तर त्या दोघांमधला फरक गिटार धरलेल्या गायकाच्या ओठातून जातो.

म्हणून स्टेजवर पोचल्यावर पहिलं काम मल्टिमीटर काढायचं. साधा स्वस्तातला चालतो. तो एसी व्होल्टवर ठेवा, सगळ्यात मोठ्या रेंजवर. सॉकेटकडे तोंड करून बघा: वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. आधी फेज आणि न्यूट्रल मोजा, २३० च्या आसपास यायला हवं. मग फेज आणि अर्थिंग, तेही जवळपास तेवढंच. शेवटी न्यूट्रल आणि अर्थिंग, हे दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थिंगला शून्य किंवा साठ-सत्तर असा भलताच आकडा आला तर समजा की अर्थिंग नाही किंवा वायरिंग चुकलंय. २५० च्या वर व्होल्टेज असेल तर काहीही लावू नका, जनरेटरवाल्याला बोलवा. आकडा पुन्हा बघायचा तो मंडपातल्या सगळ्या लाइट लागल्यावर, कारण लोड आला की तो बदलतो.

अर्थिंग नसेल तर जनरेटरजवळ सळई ठोकून, पाणी ओतून अर्थ करून घ्या. मंडपवाल्या इलेक्ट्रिशियनला हे येतं, फक्त मागणारं कुणी नसतं. मिक्सर आणि सगळं स्टेज एकाच बोर्डावरून, एकाच फेजवर घ्या. प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नका. हमिंग जातं म्हणून काही जण तोडतात, ती सवय जीवघेणी आहे. गायक गिटार वाजवत असेल तर त्याला कॉर्डलेस माइक द्या, वायरच नसली की तो मार्गच बंद होतो. आणि बँडचा स्वतःचा एक एक्स्टेन्शन बोर्ड बनवून घ्या, ज्यात ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल. गिटारची शंभर पेडल घेण्याआधी हा बोर्ड घ्या.

सातवी पायरी: साऊंडचेक

साऊंडवाला तुमच्यापेक्षा वयाने मोठा असतो आणि त्याने तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त कार्यक्रम पाहिलेले असतात. आधी त्याच्याकडे जा, नाव विचारा, चहा घ्या. मराठी असेल तर दादा, मामा. कन्नड असेल तर अण्णा. 'स्वल्प कम्मी माड्री' (थोडं कमी करा), 'जास्ती माड्री' (जास्त करा) एवढं तरी सगळ्यांना यायला हवं. हुबळीत स्टेजवरून एवढं बोललात तरी समोरचा माणूस आपला होतो.

त्याच्या हाताला ऑर्केस्ट्राची सवय असते, म्हणून गळ्यावर भरपूर इको असतो. नको असेल तर असं सांगा:

"दादा, पहिल्या गाण्यात इको काढतासा काय? शब्द लई हाईत, कळायला पायजेत."

"काढतो की ओ. पण माणसांना आवडतंय."

"मग शेवटच्या दोन गाण्यांना ठेवा की."

त्याचंही राहतं, तुमचंही होतं.

कागदावर एक इनपुट लिस्ट द्या: किक, स्नेअर, वरून एक माइक, बेस सरळ डीआय बॉक्समधून (वाद्याचा आवाज माइकशिवाय थेट मिक्सरला देणारी डबी), गिटार अँपसमोर माइक, हलगी, हार्मोनियम, गळे. कोण कुठे उभं राहणार त्याचं चौकोनी चित्र त्याच कागदावर. वेळ असेल तर किकपासून सुरू करून गळ्यापर्यंत या. वेळ नसेल, आणि आपल्याकडे तो बहुतेकदा नसतोच, तर गळ्यापासून सुरू करा. पहिल्या गाण्यात गिटार कमी ऐकू आली तर लोक थांबतात, शब्द ऐकू आले नाहीत तर उठून जातात.

वेगळी वाद्यं असतील तर त्यांची सोय तुम्हीच करायची, कारण साऊंडवाल्याने हलगी डिस्टॉर्शनच्या शेजारी कधी ठेवलेली नसते. हलगीचा माइक कडेपासून चार-पाच इंचांवर, थोडा तिरका ठेवा. अगदी मधोमध धरलात तर नुसता धबधब आवाज येतो, काठीची तीक्ष्ण थाप हरवते. हलगीचं कातडं दमट हवेत सैल पडतं, बेळगावात कडक वाजणारी हलगी पणजीत मऊ होते. गावात ती शेकोटीवर तापवतात. हॉलमध्ये आग चालणार नाही, म्हणून हॅलोजनचा दिवा किंवा हेअर ड्रायर बरोबर ठेवा आणि स्टेजवर जायच्या दहा मिनिटं आधी तापवा. मध्ये पुन्हा सैल पडली तर? म्हणून हलगीची गाणी पहिल्या भागातच घ्या. गिटारच्या ताराही गोव्यात लवकर गंजतात. प्रत्येक गिटारवाल्याने नव्या तारांचा एक संच पिशवीत ठेवावा आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. हार्मोनियम किंवा तंतुवाद्य बिघडलं तर मिरजेला न्या, सतारमेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे या कामात गेल्यात.

कानांबद्दलही इथेच सांगतो. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण प्रत्येक तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो फक्त पंधरा मिनिटं उरतो, आणि ड्रमकिटशेजारी शंभर सहज होतात. सरावातही इअरप्लग घाला. गेलेला कान परत येत नाही.

आठवी पायरी: परवानगी आणि दहाचा ठोका

ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम देशभर सारखे आहेत. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणासाठी बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमचा कार्यक्रम त्यात बसतो का हे आयोजकाला आधी विचारा. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या शंभर मीटरमध्ये शांतता क्षेत्र असू शकतं. परवानगी काढणं आयोजकाचं काम, पण त्या कागदाचा फोटो तुमच्या फोनमध्ये असू द्या. तुमचा नंबर साडेनऊला आहे असं कळलं तर वीस मिनिटांचा सेट तयार ठेवा आणि सगळ्यात चांगलं गाणं आधी वाजवा.

बेळगावात पोस्टर लावताना कन्नड ठळक ठेवा, मराठी त्याखाली. मराठी माणूस म्हणून याबद्दल काय वाटतं ते प्रत्येकाला ठाऊक आहे. पण पोस्टर फाटलं तर कार्यक्रम पडतो, आणि कार्यक्रमात तुम्ही मराठीत मनसोक्त गाणारच आहात.

नववी पायरी: जेवण, झोप, माणसं

वाजवण्याआधी दोन तास जड जेवू नका. हुबळी-धारवाडकडे लिंगायत खानावळी शोधा. ज्वारीची भाकरी, एण्णेगायी (भरली वांगी), शेंगाची चटणी, ताक. पोट शांत राहतं आणि खर्चही कमी. कोल्हापूरची मिसळ कार्यक्रमानंतरच्या सकाळी खा, आधी खाल्लीत तर गळ्याला त्रास होतो. गायकाने गाडीत एसीसमोर बसायचं नाही, कोमट पाणी जवळ ठेवायचं.

बँडमधल्या मुलींच्या मुक्कामाची सोय आयोजकाला आधी लिहून कळवा: वेगळी खोली, आतून बंद होणारं दार, स्टेजमागे कपडे बदलायला जागा. घरच्यांना चालकाचा आणि आयोजकाचा नंबर द्या. हे नीट झालं की आई-वडील पुढच्या वेळी अडवत नाहीत, आणि आपल्याकडे मुली बँड सोडतात त्यामागे बऱ्याचदा संगीत नसतं, हीच व्यवस्था नसते.

गाडीत भांडणं होणारच. चारचौघं अरुंद जागेत, भुकेले आणि अपुऱ्या झोपेचे. त्या रात्री कार्यक्रमावर चर्चा करायची नाही, असं ठरवून टाका. कुणाचा सूर गेला, कुणी ताल सोडला, हे परतल्यावर तिसऱ्या दिवशी, रेकॉर्डिंग ऐकत बोलायचं. तोवर निम्म्या तक्रारी उरत नाहीत आणि उरलेल्या खऱ्या असतात.

स्टेजवर दोन गाण्यांमध्ये काय बोलायचं तेही ठरवा. कोल्हापुरात बेळगावची बोली जशीच्या तशी बोला, लोक खूष होतात. हुबळीत धृपद कन्नडमध्ये असलेलं गाणं दुसऱ्या नंबरावर घ्या. गोव्यात मराठी बऱ्याच जणांना कळतं, तिथे घाबरून इंग्रजीत बोलू नका. सीमाप्रश्नावर भाषण नको. तुमच्या गाण्यात दोन्ही भाषा शेजारी बसल्या असतील तर ते ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

दहावी पायरी: परतल्यावर

नग मोजा. हिशोब त्याच दिवशी ग्रुपवर टाका, पावत्यांच्या फोटोसकट. गाडी आणि जेवणाचे पैसे वजा जाऊन जे उरेल त्यातला एक ठरलेला हिस्सा बँडच्या खात्यात टाका, बाकी सारखं वाटा. अँप कुणाचंही असो, दुरुस्ती बँडच्या खात्यातून. आयोजकाला, साऊंडवाल्याला, चालकाला वेगवेगळा आभाराचा मेसेज पाठवा, साऊंडवाल्याला त्याच्या मिक्सिंगचा व्हिडिओही. पुढच्या वेळी त्या गावात तुमचं नाव आयोजकापेक्षा तोच जास्त वेळा घेईल. बाकी असलेलं मानधन आठवड्यात आलं नाही तर फोन करा, पंधरा दिवसांनी पुन्हा करा, आणि त्याच फोनवर पुढची तारीखही विचारा.